सर्वांना उत्तर

तीन ओळींचा मेल होता. रात्री साडेनऊच्या सुमारास विद्यापीठातल्या सगळ्या शिक्षकांच्या ग्रुप आयडीवर आलेला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने विचारलं होतं, की मागच्या सत्राचं मानधन अजून जमा झालेलं नाही, इतर विभागांत कुणाचं झालं आहे का, आणि झालं असेल तर बिल नेमकं कोणत्या टेबलावर थांबतं हे कुणी सांगू शकेल का. वरती ‘सर्व आदरणीय गुरुजनांना सादर प्रणाम’, खाली ‘काही चुकलं असल्यास क्षमस्व’, आणि मधे एवढाच प्रश्न. थोड्याच वेळात एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. हे व्यासपीठ वैयक्तिक तक्रारींसाठी नाही, कृपया योग्य मार्गाने अर्ज करावा. मी तो संवाद दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. आमच्या विभागाची बिलं कशी सुटली ते मला माहीत होतं. हजेरीपत्रकावर विभागप्रमुखांची सही महिन्यागणिक हवी असते, सत्राच्या शेवटी एकदम केलेली चालत नाही, म्हणून लेखा विभाग बिल परत पाठवतो. हे सगळं मी ग्रुपवरच लिहिलं, कारण प्रश्न ग्रुपवर विचारलेला होता. पण त्याच सकाळी कुणाला तरी संशोधन प्रकल्प मंजूर झाल्याची बातमी आली होती. ‘अभिनंदन सर’, ‘हार्दिक अभिनंदन’, ‘काँग्रॅच्युलेशन्स’, नुसतीच जोडलेल्या हातांची चित्रं. दुपारपर्यंत तिचा प्रश्न आणि माझं उत्तर दोन्ही इतकं खाली गेलं, की ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नसणार.

पुढच्या काही आठवड्यांत परिपत्रक निघालं. शिक्षकांच्या सामूहिक ई-मेलसाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार करायला समिती नेमली होती, आणि सदस्यांत माझं नाव होतं.

परिपत्रकात कारण दिलेलं होतं: अनावश्यक मेलची वाढती संख्या. ते खोटं नव्हतं. तरी मला राहून राहून वाटत होतं, की अभिनंदनाचे मेल तर कित्येक वर्षं येतच होते, त्यांच्यासाठी समिती कधी नेमली नाही. समिती नेमली गेली ती पैशांचा प्रश्न विचारला गेल्यावर.

मी नोकरीला लागले ती एका जुन्या महाविद्यालयात. तिथे सूचना वही फिरायची. लांबट आकाराची, कापडी पाठीची, पानांवर क्रमांक घातलेली. शिपाईमामा ती काखेत धरून तासावर यायचे, दारात उभे राहायचे, आपण फळ्यावरचं वाक्य पुरं करायचं, खडूची बोटं पदराला पुसायची आणि आपल्या नावापुढे सही करायची. ‘सर्व प्राध्यापकांना कळविण्यात येते की’ या ओळीनंतर काय येणार हे मामांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. परीक्षेच्या पर्यवेक्षणाची सूचना असली की ते घाईत असायचे, शोकसभेची असली की दारातच थांबून राहायचे. त्या वहीतली एक गोष्ट मला आज फार महत्त्वाची वाटते. अर्थशास्त्राचे एक सर सहीशेजारी बारीक अक्षरात आपलं मत लिहीत. ‘वाचले. असहमत. वेळापत्रक स्टाफ मीटिंगमध्ये ठरले होते.’ प्राचार्यांना ते आवडत नसे, पण पान क्रमांकाचं होतं, ते फाडता येत नव्हतं, आणि सरांच्या खाली सही करणारा प्रत्येक जण ती ओळ वाचूनच पुढे जायचा. असहमती सूचनेच्या शेजारीच, त्याच पानावर राहायची. आणि तरी त्या वहीची आठवण मला निखळ आनंद देत नाही. तीत नावं सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने असत, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं मुळातच नसत. त्यांना सुट्टी कळायची ती महाविद्यालयाच्या बंद फाटकाशी आल्यावर.

ई-मेल आला तेव्हा ही उतरंड मोडेल असं मला मनापासून वाटलं होतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण आमच्यापर्यंत ते यायला आणखी काही वर्षं गेली. विभागप्रमुखांच्या खोलीत, कापडी आच्छादनाखाली एकच संगणक. मोडेमची ती खरखर आणि शिट्टी पूर्ण होईपर्यंत सगळे खुर्चीच्या पाठीमागे उभे. आलेला मेल छापून फलकावर टाचला जायचा. मराठीतून लिहिलेलं तर पलीकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन उमटायचं, कारण आमच्या संगणकातला टंक, म्हणजे फॉन्ट, त्यांच्याकडे नसायचा. सगळ्या संगणकांवर एकसारखी देवनागरी दाखवणारं युनिकोड रुळेपर्यंत आम्ही एकमेकांना रोमन लिपीतून मराठी लिहीत होतो. आणि मग एके दिवशी ग्रुप आयडी आला. एका पत्त्यावर लिहिलं की कुलगुरूंपासून कालच रुजू झालेल्या शिक्षकापर्यंत सगळ्यांना एकाच क्षणी मिळणार. क्रम नाही, सहीसाठी थांबणं नाही. मला त्या पहिल्या वर्षांतला उत्साह अजून आठवतो. लोक ग्रंथालयात आलेल्या नव्या पुस्तकांवर लिहायचे, परीक्षापद्धतीवर भांडायचे, कुणीतरी आवारातल्या तोडलेल्या वडावर लांबलचक पत्र लिहिलं होतं आणि त्यावर वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी दिलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे.

समितीच्या पहिल्या बैठकीआधी मी जुने नियम शोधून वाचले. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे आपल्याकडे इंटरनेट आल्यावर दोन महिन्यांतच. आरएफसी या इंटरनेटविषयक दस्तऐवजांच्या मालिकेत तिचा क्रमांक १८५५. इंटेलमध्ये काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ती लिहिली. तीस वर्षांपूर्वीचा तो मजकूर वाचताना मी थक्क झाले. पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते मेलमध्येही लिहू नये. सगळी अक्षरं कॅपिटल टाकली तर ओरडल्यासारखं वाटतं. राग आला असेल तर उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. आज जीमेल पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त तीस सेकंद देतं, आणि तेव्हाच्या लोकांनी एक रात्र मागितली होती. त्यात आणखी एक सल्ला आहे: नव्या यादीत आल्यावर काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचावं, म्हणजे तिथली रीत समजते. सल्ला चांगलाच आहे. पण ज्या शिक्षिकेची नेमणूकच एका सत्राची आहे, तिने त्यातले दोन महिने गप्प बसायचं तर बोलायचं कधी?

बैठका जुन्या इमारतीत व्हायच्या, पंख्याचा आवाज, स्टीलच्या ट्रेमधले चहाचे कप, प्रत्येकापुढे मसुद्याची प्रत. काही गोष्टी पटापट ठरल्या. विषयाची ओळ रिकामी ठेवायची नाही. जुन्याच मेलला उत्तर देऊन नवा विषय सुरू करायचा नाही. जड फाइल जोडण्याऐवजी दुवा द्यायचा. संगणक केंद्रातल्या तरुण सहकाऱ्याने मग एक साधी गोष्ट सांगितली, आणि मला ती सगळ्या नियमांपेक्षा मोलाची वाटली. ग्रुपच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं, की ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर डीफॉल्टने कुणाकडे जावं, लिहिणाऱ्याकडे की सगळ्यांकडे. आमचं ते सगळ्यांकडे होतं. पहिल्या दिवशी कुणीतरी तसं ठेवलं आणि पुढे कुणी बघितलंच नाही. इतकी वर्षं आपण ज्याला माणसांची बेशिस्त म्हणत होतो, त्यातली बरीचशी एका खुणेच्या चौकटीतून आलेली होती. त्याने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतलं उदाहरण दिलं. नोव्हेंबर २०१६मध्ये तिथे एक चाचणी मेल चुकून आठ लाखांहून अधिक खात्यांना गेला, लोकांनी ‘मला यातून वगळा’ असं सगळ्यांनाच उत्तर दिलं, आणि सव्वा तासात सुमारे पन्नास कोटी मेल फिरून यंत्रणा गुदमरली. वगळा म्हणणाऱ्यांचेच मेल ते.

अभिनंदनांवर मात्र आम्ही दोन बैठका बोललो, आणि त्यात वेळ गेला याचं मला वाईट वाटत नाही. मराठी विभागातले एक सर म्हणाले, सगळ्यांसमोर केलेलं कौतुक आणि कानात केलेलं कौतुक यांत फरक आहे, आमच्याकडे ते चारचौघांतच करायचं असतं. खरं आहे ते. माझी पीएच.डी. झाली तेव्हा आलेल्या एका ओळीच्या मेलांतली नावं मी मोजली नव्हती, पण कुणाचा आला नाही हे मला बरोबर माहीत होतं. शेवटी ठरलं, की शिक्षकांच्या यशाच्या बातम्या दर शनिवारी एकत्र जातील आणि अभिनंदन त्या व्यक्तीला थेट करावं. मृत्यू आणि निवृत्ती यांना हा नियम लागू नाही. ही सवलत मी आग्रहाने घालून घेतली. आमच्या परीक्षा विभागातले एक लिपिक निवृत्त झाले तेव्हा लोकांनी ग्रुपवर लिहिलं होतं, कुणी गहाळ झालेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी रात्री बारापर्यंत शोधल्याचं, कुणी आपली वेतननिश्चिती त्यांनी स्वतः चार टेबलं फिरून करून आणल्याचं. ते गृहस्थ कधी ई-मेल उघडत नसत. त्यांच्या मुलीने ते सगळे मेल छापून त्यांना वाचून दाखवले. इनबॉक्स मोकळा राहावा म्हणून असं काही बंद करायला माझी तयारी नव्हती.

विद्यार्थ्यांच्या माहितीबद्दल दुमत झालं नाही. शिष्यवृत्तीच्या याद्या, त्यांत नाव, जात, बँक खात्याचा क्रमांक, कधी आधारही, अशी एक्सेल फाइल सगळ्या शिक्षकांना सर्रास पाठवली जात होती. वैयक्तिक माहितीच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण कायदा नसता तरी हे थांबायला हवं होतं. लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दल तर २०१३च्या कायद्याच्या सोळाव्या कलमातच स्पष्ट आहे, की तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करायचा नाही. तो नियम आम्ही ठळक अक्षरात घेतला.

मग आलं ते कलम.

‘संस्थेची प्रतिमा मलिन होईल किंवा सौहार्द बिघडेल असा मजकूर सामूहिक मेलवर पाठवू नये.’ मसुद्यात ते शेवटून दुसरं होतं, आणि ज्यांनी लिहिलं ते गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्या मनात कुणाची मुस्कटदाबी नव्हती. मागे एकदा दोन सहकाऱ्यांनी ग्रुपवर एकमेकांची घरची उणीदुणी काढली होती, ते त्यांच्या डोक्यात होतं. तेही मला मान्य. तो प्रकार वाचताना मलाच अंग चोरून घ्यावंसं वाटलं होतं, आणि त्यानंतर कित्येक जणांनी ग्रुपवर लिहिणंच सोडलं. पण सौहार्द कशाने बिघडतं हे ठरवणार कोण? मानधन कधी मिळेल या प्रश्नाने ते बिघडलं, असं त्या रात्री एका माणसाला वाटलं होतंच. उर्मटपणा नेहमी खालून वर जाणाऱ्या मेलमध्येच लोकांना दिसतो. ‘आपण पाठविलेली माहिती अपूर्ण आहे, तात्काळ खुलासा करावा’ असं वरून, सगळ्यांना प्रत लावून, येतं तेव्हा त्याला प्रशासकीय भाषा म्हणतात. 

मी बैठकीत कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाची आठवण काढली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांनी एप्रिल २०१२मध्ये पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांबद्दलचं एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवलं, आपल्या गृहनिर्माण सोसायटीतल्या लोकांना, आणि त्यांना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, त्यात आक्षेपाचा एक मोठा मुद्दा शब्दांच्या संदिग्धपणाचा होता. तरीही महापात्र त्या खटल्यातून मोकळे झाले ते जानेवारी २०२३मध्ये. एका फॉरवर्डसाठी जवळजवळ अकरा वर्षं. आमच्या कलमातली ‘प्रतिमा’ आणि ‘सौहार्द’ तितकीच संदिग्ध आहेत, असं मी म्हटलं. कुणीतरी म्हणालं, मॅडम, आपण अटक थोडीच करणार आहोत. अटक नाही, पण ज्याची नेमणूक दर सत्राला नव्याने होते, त्याला गप्प करायला अटकेची गरजही नसते.

अमेरिकेतल्या विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेचा इलेक्ट्रॉनिक संवादाबद्दलचा अहवाल मी सोबत नेला होता. १९९७मधला, पुढे २००४ आणि २०१३मध्ये सुधारलेला. छापील माध्यमात अध्यापकाला जेवढं स्वातंत्र्य आहे त्याहून कमी इलेक्ट्रॉनिक माध्यमात असू नये, हा त्याचा गाभा. आपल्या वहीतल्या त्या अर्थशास्त्राच्या सरांनी हे कुठल्याही अहवालाशिवाय वापरून दाखवलं होतं. विरोधात एक मुद्दा मांडला गेला, आणि तो वजनदार होता. माहिती अधिकार कायद्यात, २००५च्या, ‘माहिती’ची व्याख्या करताना ई-मेलचा नाव घेऊन उल्लेख आहे. विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर लिहिलेलं उद्या कुणीही मागू शकतं, मग शिक्षकांनी जपून लिहायला नको का? मी त्यावर बराच विचार केला. मला वाटतं, हीच गोष्ट आपल्या बाजूची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेला प्रश्न चार तासांत ‘सुप्रभात’खाली गाडला जातो, आणि उद्या कुणी म्हणालं की आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, तर दाखवायला काही नसतं. अधिकृत मेलवरचा प्रश्न नोंद होऊन राहतो. त्या शिक्षिकेने ग्रुप आयडी निवडला तो बहुधा याचसाठी.

तिची माझी गाठ नंतर झेरॉक्सच्या दुकानात पडली. प्रश्नपत्रिकांच्या प्रती निघेपर्यंत आम्ही बाहेर उभ्या होतो. ती म्हणाली, “मॅडम, मला नंतर बऱ्याच जणांचे फोन आले. सगळ्यांनी सांगितलं, बिल कुठे अडतं, कुणाला भेटायचं. सगळे चांगलं बोलले. पण ग्रुपवर तुमच्याशिवाय कुणी नाही लिहिलं. आणि दोघांनी सांगितलं, पुढच्या सत्राची ऑर्डर निघायची आहे, जरा सांभाळून.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, आणि आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे शिकवते. मेल रात्री का लिहिला, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून रात्रीच्या मेलबद्दलचं कलम मी बदलून मागितलं. मूळ मसुद्यात संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर मेल पाठवायला सरसकट बंदी होती. त्यामागची कळकळ मला ठाऊक आहे. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालाच्या दिवसांत रात्री अकराला मेल येतो, ‘उद्या सकाळी दहापर्यंत तक्ता भरून पाठवावा’, आणि आमच्या कितीतरी सहकारी एका हाताने भाकरीचं पीठ मळत दुसऱ्या हाताने फोन वर सरकवतात. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून सुटका मिळण्याचा हक्क जानेवारी २०१७पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण जिला दिवसा बसायला टेबलच नाही, तिला रात्रीही बंदी घातली तर तिने लिहायचं कधी? आता कलम असं झालं आहे: मेल केव्हाही पाठवा, पण पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरीपूर्वी उत्तराची किंवा माहितीची अपेक्षा करता येणार नाही, आणि हे प्रशासनालाही लागू आहे. हे शेवटचे शब्द ठेवायला सगळ्यात जास्त वाद घालावा लागला.

‘प्रतिमा’ आणि ‘सौहार्द’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी स्पष्ट यादी आली: शिवीगाळ, धमकी, जात, धर्म, लिंग किंवा अपंगत्वावरून हिणवणं, कुणाच्या खासगी आयुष्यावर लिहिणं हे चालणार नाही. वेतन, मानधन, कार्यभार, वेळापत्रक, प्रवेश, परीक्षा आणि विद्यापीठाचे निर्णय यांवर प्रश्न विचारणं आणि टीका करणं चालेल. सूचनांचा ग्रुप वेगळा आणि चर्चेचा वेगळा असेल, चर्चेतून ज्याला हवं तो बाहेर पडू शकेल. एखादा मेल थांबवला तर लिहिणाऱ्याला दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी कारण द्यावं लागेल. ज्या ज्येष्ठ सरांनी त्या रात्री उत्तर दिलं होतं, त्यांनीही मसुदा वाचून यादीत ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द घालायला सुचवला. त्यांचं स्वतःचं प्रकरण तेव्हा नुकतंच लेखा विभागात गेलेलं होतं.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. सत्र संपलं, नेमणूक संपली, की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचा अधिकृत ई-मेल त्याच दिवशी बंद होतो. उत्तरपत्रिका तपासणं त्यानंतर चालू असतं, शेवटची बिलं त्यानंतर निघतात, आणि बिलातली त्रुटी कळवणारा मेल त्याच बंद झालेल्या पत्त्यावर जातो. पत्ता चालू ठेवण्याने सुरक्षिततेला धोका आहे, परवान्यांचा खर्च वाढतो, असं समितीतल्या बहुसंख्यांचं म्हणणं पडलं. मी भिन्नमत लिहून दिलं आहे: शेवटचं बिल खात्यात जमा होईपर्यंत पत्ता बंद करू नये, आणि तोवर ती व्यक्ती शिक्षकांच्या ग्रुपची सदस्य राहावी. मसुदा विद्या परिषदेपुढे जाईल तेव्हा ही टीप त्याला जोडलेली असेल. ती चर्चेला घ्यावी असं पत्र मी परिषदेतल्या शिक्षक सदस्यांना पाठवलं आहे, आणि त्याची प्रत ग्रुपवर, सर्वांना.